पूर्वजांच्या पाटीला अडथळा म्हणू नका : चिनी समाजात सुवार्ताकार्य करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
चिनी समाजात सुवार्ताकार्यासाठी माणसं तयार करणाऱ्या आणि पाठवणाऱ्या आपल्या देशातल्या सर्व ख्रिस्ती संस्था, सेमिनऱ्या व प्रशिक्षण केंद्रं यांस,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुमच्या वर्गांत वाटली जाणारी टिपणं अलीकडे माझ्या हाती आली. आमच्या धर्मग्रामातले काही तरुण तुमच्याकडे शिकतात. त्यांतल्या काहींना सिंगापूर, मलेशिया, तैवान इथल्या चिनी समाजात काम करायला जायचं आहे. मी नोकरीनिमित्त सिंगापुरात बरीच वर्षं काढली, म्हणून त्यांनी ती टिपणं मला वाचायला दिली. त्यांची तळमळ खरी आहे आणि तुमचीही आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्यातलं 'सांस्कृतिक अडथळे' हे प्रकरण वाचलं आणि हे पत्र लिहिल्याशिवाय राहवेना.

त्या प्रकरणात एक यादी आहे. पूर्वजांची पूजा, कुटुंबाचा दबाव, चारचौघांत मान जाण्याची भीती, फेंगशुईसारख्या समजुती, सगळेच धर्म थोडे थोडे पाळण्याची सवय. प्रत्येकापुढे 'उपाय' लिहिला आहे. ही यादी वाचणाऱ्याला वाटेल की सुवार्ता सरळ चालली होती आणि चिनी माणसाने वाटेत धोंडे आणून टाकले. इतिहास तसा नाही. चिनी समाजात ख्रिस्ताचं नाव जिथे जिथे अडलं, तिथे बहुतेक वेळा आपल्याच लोकांनी घातलेली अट आड आली: आधी आईवडिलांशी नातं तोड, मग आत ये. आणि नंतरच्या काळात त्या अटीमागे तोफाही उभ्या राहिल्या. हे तुमच्या टिपणांत कुठेच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातीलाच चीनने दार लावून घेतलं होतं, असं नाही. इ. स. ६३५ मध्ये आलोपेन नावाचा सीरियन परंपरेतला धर्मगुरू चांगआन या राजधानीत पोहोचला, तेव्हा तांग सम्राट ताइझोंगने त्याचं स्वागत केलं, त्याच्या ग्रंथांचं भाषांतर करवून घेतलं. ७८१ सालचा शिलालेख शीआनमध्ये आजही आहे. मंगोल काळात १२९४ च्या सुमारास माँतेकोर्विनोचे योहान हे फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू आजच्या बीजिंगला पोहोचले. त्याच वाटेने निघालेले चार फ्रान्सिस्कन १३२१ साली आपल्या ठाण्यात मारले गेले. पुढे ओदोरिक नावाच्या त्यांच्याच संघातल्या प्रवाशाने त्यांच्या अस्थी ठाण्याहून नेल्या त्या थेट चीनच्या किनाऱ्यावर. ठाणे-वसईच्या आपल्या लोकांना हा धागा ठाऊक असायला हवा.

पण खरी गोष्ट सुरू होते ती गोव्यातून. फ्रान्सिस झेवियर १५५२ च्या ३ डिसेंबरला शांगच्वान बेटावर वारले, चीनची मुख्य भूमी समोर दिसत असताना. त्यानंतर चीनमध्ये टिकून राहिले ते मिकेले रुज्जिएरी आणि मातेओ रिच्ची. दोघेही गोव्याहून गेले. रिच्ची १५७८ मध्ये गोव्यात उतरले, तिथे शिकले, शिकवलं आणि १५८२ मध्ये मकावला गेले. आपले फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. म्हणजे ज्यांनी पुढे मराठी ओवीत ख्रिस्तचरित्र मांडलं ते, आणि ज्यांनी चिनी पंडितांच्या भाषेत ख्रिस्ताबद्दल लिहिलं ते, असे दोघं एकाच वेळी गोव्यात होते. रिच्चींनी १५८१ मध्ये गोव्याहून आपल्या वरिष्ठांना एक पत्र लिहिलं. भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकू द्यायचं नाही, असा विचार तेव्हा तिथे चालला होता आणि रिच्चींनी त्याला विरोध केला. चीनला पाऊल लागण्याआधीच त्या माणसाची नजर कशी होती, ते यातून दिसतं.

चीनमध्ये रिच्ची आधी बौद्ध भिक्षूंसारखा वेष करून राहिले. भिक्षूंना तिथल्या शिकलेल्या वर्गात फारसा मान नाही, हे ध्यानात आल्यावर १५९५ मध्ये त्यांनी पंडितांचा झगा घातला. अभिजात ग्रंथ पाठ केले. १६०२ मध्ये जगाचा नकाशा चिनीत छापला. शू ग्वांगची या विद्वानाबरोबर युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग १६०७ मध्ये चिनीत आणले. याच शू ग्वांगचींनी १६०३ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता आणि पुढे ते साम्राज्याच्या सर्वोच्च पदांपैकी एकावर पोहोचले. रिच्ची १६१० मध्ये वारले तेव्हा सम्राटाने त्यांच्या दफनासाठी बीजिंगमध्ये जागा दिली. परक्या माणसाला हा मान क्वचितच मिळे.

रिच्चींनी पूर्वजांच्या विधींचं काय केलं, हे तुमच्या विद्यार्थ्यांना सांगा. चिनी घरात लाकडाची एक उभी पाटी असते, तिच्यावर वारलेल्या आजोबा-पणजोबांचं नाव. तिच्यापुढे उदबत्त्या खोचायचं भांडं, चहाचे पेले, भात, फळं. ठरलेल्या दिवशी घरातले सगळे तिच्यापुढे वाकतात. वडील वारले तर मोठ्यातल्या मोठ्या अधिकाऱ्यालाही नोकरी सोडून सत्तावीस महिने सुतक पाळायला घरी जावं लागे. रिच्चींनी पाहिलं की ज्या पंडितांमध्ये ते वावरतात त्यांना त्या पाटीत देव बसला आहे असं वाटत नाही. ते म्हणत, आईबाप जिवंत असताना जसा मान दिला तसा मेल्यावरही द्यायचा, म्हणजे पोरांना जिवंत आईबापांशी कसं वागायचं ते कळतं. रिच्चींनी हे विधी चालू द्यायचं ठरवलं. नवख्रिस्ती माणूस आपल्या आजोबांपुढे वाकू शकत होता आणि मिस्सालाही येऊ शकत होता.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. पुढे या निर्णयाला विरोध करणारे डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन संघांचे धर्मगुरू हे काही आडमुठे नव्हते. त्यांचं काम फुज्यानच्या खेड्यापाड्यांत होतं. तिथला शेतकरी पाटीपुढे भात ठेवायचा तो आजोबा येऊन जेवतील या समजुतीनेच, आणि पीकपाणी, मूलबाळ मागायचा तेही त्यांच्याचकडे. बीजिंगच्या पंडिताचं उत्तर एक, फुज्यानच्या शेतकऱ्याचं दुसरं. दोघंही चिनीच. तेव्हा रिच्चींच्या बाजूने मी उभी असले तरी प्रश्न सोपा होता असं म्हणणार नाही. कुठला विधी पूजा आणि कुठला आदर, हे गावोगाव, घरोघर बघून ठरवायची गोष्ट होती. ते ठरवायला योग्य माणसं होती तिथली ख्रिस्ती माणसं. नेमकं तेच झालं नाही. निर्णय गेला रोमला.

१६४५ मध्ये बंदी, १६५६ मध्ये परवानगी, असं आधी दोन्हीकडून झालं. १६९२ मध्ये कांगशी सम्राटाने ख्रिस्ती उपासनेला जाहीर मोकळीक दिली. युरोपातही तेव्हा इतकी मोकळीक फार ठिकाणी नव्हती. आणि पुढच्याच वर्षी फुज्यानचे फ्रेंच धर्माधिकारी शार्ल मेग्रो यांनी आपल्या हद्दीत पूर्वजांच्या विधींवर बंदी घातली. १७०० मध्ये येशूसंघीयांनी, म्हणजे रिच्चींच्याच संघातल्या जेझुइट धर्मगुरूंनी, सम्राटालाच विचारलं, हे विधी म्हणजे काय समजायचं? त्याने उत्तर दिलं की हा आदर आहे, देवपूजा नव्हे. रोमला ते पटलं नाही. १७०४ मध्ये पोप क्लेमेंट अकरावे यांनी बंदीच्या बाजूने निर्णय दिला आणि त्यांचा दूत तूर्नों बीजिंगला आला.

१७०६ च्या उन्हाळ्यात जेहोलच्या महालात सम्राटाने मेग्रोंना बोलावलं. चिनी विधींचे जाणकार म्हणून ते पुढे आले होते. सम्राट स्वतः प्रश्न विचारत होता आणि मेग्रोंना दुभाष्या लागत होता, कारण त्यांना दरबारची बोली येत नव्हती. सम्राटाने आपल्या आसनामागे लिहिलेली चार अक्षरं वाचायला सांगितली. मेग्रोंना ती सगळी वाचता आली नाहीत. कांगशीने नंतर लिहिलं त्याचा आशय असा, की ही माणसं म्हणजे कुणीतरी दाराबाहेर उभं राहून घरातल्या गोष्टींवर बोलावं तशी आहेत. त्यानंतर हुकूम निघाला: ज्यांना रिच्चींच्या पद्धतीने वागायचं कबूल असेल त्यांनी परवाना घेऊन राहावं, बाकीच्यांनी निघावं. १७१५ मध्ये रोमने बंदी आणखी कडक केली. १७२१ मध्ये तो आदेश वाचून कांगशीने शेरा मारला की यापुढे पाश्चात्त्यांनी चीनमध्ये धर्मप्रसार करू नये, म्हणजे कटकट उरणार नाही. त्याचा मुलगा योंगझेंग याने १७२४ मध्ये बंदी देशभर लागू केली. १७४२ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी या विषयावर चर्चाच बंद केली. चीनला जाणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला शपथ घ्यावी लागे की विधींना परवानगी देणार नाही.

त्या शपथेचा परिणाम काय झाला ते बघा. सरकारी अधिकाऱ्याला कन्फ्यूशियसच्या विधीला हजर राहणं भाग होतं, म्हणून ख्रिस्ती माणूस अधिकारी होऊ शकेना. पंडित, जमीनदार, घरंदाज लोक बाहेर पडले. ज्या वर्गात शू ग्वांगची झाले होते तो वर्गच संपला. उरली ती खेड्यातली गरीब कुटुंबं, लपूनछपून जपमाळ म्हणणारी. त्यांच्या निष्ठेला माझा दंडवत आहे. पण शेजारीपाजारी त्यांच्याकडे बघायचे ते आईबापांना विसरलेले लोक म्हणून. आणि मग ८ डिसेंबर १९३९ रोजी रोमनेच जाहीर केलं की पूर्वजांच्या पाटीपुढे, तसबिरीपुढे, देहापुढे वाकणं हा आदर आहे, त्याला हरकत नाही. म्हणजे कांगशीने १७०० मध्ये सांगितलं तेच. दोनशेहून जास्त वर्षं ज्याला आपण 'अडथळा' म्हटलं, तो एका आदेशाने अडथळा राहिला नाही. तुमच्या टिपणांत हा १९३९ चा निर्णय एका ओळीतही नाही.

कुणी म्हणेल, हा कॅथलिकांचा जुना वाद, आमचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. सिंगापुरात माझ्या एका चिनी सहकारी मैत्रिणीचे वडील वारले. तिथे सरकारी वसाहतींच्या इमारतींखाली मोकळा तळमजला असतो, तिथेच पांढरा कापडी मांडव घालून काही दिवस मृतदेह ठेवतात. गोल टेबलं, त्यांवर शेंगदाणे आणि सरबताचे डबे, रात्रभर जाग. येणाऱ्याला परत जाताना लाल दोरा देतात. मुलांच्या बाहीला सुतकाचा कापडाचा तुकडा टाचलेला. मैत्रीण घरातली थोरली. ती विद्यापीठात असताना ख्रिस्ती झाली होती आणि तिच्या पाळकांनी तिला बजावलं होतं, उदबत्ती हातात धरायची नाही, वाकायचं नाही. विधीची वेळ झाली तेव्हा धाकटा भाऊ पुढे गेला आणि ही बाजूला पंख्याजवळ उभी राहिली. सगळ्या रात्री तिने वडिलांसाठी प्रार्थना केली होती, पण ती तिच्या मनात. घरच्यांना दिसले ते तिचे मोकळे हात. तिची काकू मोठ्याने म्हणाली, "आज तरी बापाला नमस्कार करशील की नाही?" तिने उत्तर दिलं नाही. त्यानंतर तिच्या आईने चर्चचं नाव काढू दिलं नाही. त्याच शहरात कॅथलिक घरातल्या मयतीला उदबत्तीही असते आणि क्रूसही असतो. पण माझ्या मैत्रिणीच्या मंडळीच्या टिपणात 'उपाय' म्हणून लिहिलं असणार: कुटुंबाच्या दबावाला बळी पडू नये.

आपण २ नोव्हेंबरला काय करतो? वसईत घरोघरची माणसं कबरस्तानात जातात, आजीच्या कबरीवरचं गवत उपटतात, फुलं ठेवतात, मेणबत्ती लावतात, नाव घेऊन प्रार्थना करतात. चिनी माणूस एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगला हेच करतो. कबर झाडतो, दगडावरच्या पुसट अक्षरांवर पुन्हा रंग भरतो. आपल्या मेणबत्तीला भक्ती म्हणायचं आणि त्याच्या उदबत्तीला मूर्तिपूजा, हा निवाडा करायला आपल्याला कुणी बसवलं?

सगळं ओझं आपल्याकडेच होतं असंही नाही. काही अडचणी श्रद्धेच्या मुळाशीच आहेत आणि त्या विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. क्रूस ही त्यातली पहिली. १६०० साली मा तांग नावाच्या खोज्या अधिकाऱ्याने रिच्चींचं सामान तपासलं, त्यात क्रूसावर खिळलेल्या येशूची रक्ताळलेली मूर्ती निघाली. सम्राटाला मारण्यासाठी केलेली ही करणी आहे, असंच त्याला वाटलं. साठेक वर्षांनी यांग ग्वांगश्येन या विद्वानाने येशूसंघीयांवर खटले उभे केले तेव्हा त्याने हाच मुद्दा धरला, की राजद्रोहासाठी फाशी गेलेल्या गुन्हेगाराला हे लोक देव म्हणतात. शरीर हे आईबापांनी दिलेलं, ते अखंड राखणं हीच पहिली कृतज्ञता, असं मानणाऱ्या समाजाला खिळे ठोकलेला देह देवाचा वाटणं फार अवघड होतं. तसंच पापाचं. प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस शिकवतो की माणसाचा स्वभाव मुळात चांगला आहे. त्या संस्कारात वाढलेल्या माणसाला पहिल्या भेटीतच 'तू पापी आहेस' म्हटलं की त्याला ती शिवी वाटते. एकाहून जास्त बायकांचा प्रश्नही खरा होता. हांगझोच्या यांग तिंग्युन यांना बाप्तिस्मा हवा होता, पण त्यांच्या दुसऱ्या बायकोला, त्यांच्या मुलांच्या आईला, दूर करेपर्यंत तो मिळाला नाही. शेवटी १६११ मध्ये त्यांनी तिला वेगळं ठेवलं. त्या बाईचं पुढे काय झालं, याची कुणी नोंद ठेवली नाही. मला ही गोष्ट आजही खुपते. एकपत्नीत्वाचा नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही, पण त्याची किंमत कुणी भरली ते विचारायला हवं.

या अडचणींवर धीराने, शेजारी म्हणून बसून बोलता आलं असतं. बोलणं चालूही होतं. त्यावर पाणी फिरवलं ते अफूने.

आणि इथे मुंबईचं नाव येतं. माळव्याची अफू उंटाबैलांवरून मुंबई बंदरात यायची आणि मुंबईहून जहाजांनी चीनच्या कँटन बंदराला जायची. मुंबईतल्या कित्येक मोठ्या देणग्या आणि वास्तू त्या पैशातून उभ्या राहिल्या. १८३२ मध्ये कार्ल गुट्झलाफ हा जर्मन मिशनरी 'सिल्फ' नावाच्या अफूच्या जहाजावर दुभाष्या म्हणून चीनच्या किनाऱ्यावर गेला. एका बाजूने अफूच्या पेट्या उतरत होत्या आणि दुसऱ्या बाजूने तो ख्रिस्ती पत्रकं वाटत होता. किनाऱ्यावर उभ्या माणसाने या दोन गोष्टी वेगळ्या कशा समजायच्या? अफूच्या युद्धांनी चीनवर लादलेले १८५८ चे तिएनजिनचे तह आणि १८६० चा बीजिंगचा करार, यांतून धर्मप्रसाराचा हक्क मिळाला तो तोफांच्या जोरावर. १८६० च्या करारात तर फ्रेंच मसुद्यात नसलेलं एक वाक्य चिनी मसुद्यात घुसवलं गेलं, की धर्मगुरूंना सगळ्या प्रांतांत जमीन घेता येईल, घरं बांधता येतील. ते घुसवलं दुभाष्याचं काम करणाऱ्या एका मिशनऱ्यानेच.

पुढचं गावपातळीवर घडलं. गावाच्या देवळाची जत्रा, नाटकं, पाऊस पडावा म्हणून मिरवणूक, या सगळ्याला घरटी वर्गणी असे. १८६२ मध्ये ख्रिस्ती कुटुंबांना तिच्यातून सूट मिळाली. सूट मागणाऱ्यांचं कारण मला कळतं, दुसऱ्या देवाच्या पूजेला पैसे का द्यायचे? पण गावाने त्याचा अर्थ असा लावला, की पाऊस पडला तर यांच्याही शेतात पडणार आणि खर्च मात्र आम्ही करायचा. शान्डोंगमधल्या लीयुआनतुन गावात तर १८६९ मध्ये जमिनीच्या वाटपात देवळाची जागाच ख्रिस्ती लोकांच्या वाट्याला गेली, तिथे चर्च बांधायचं ठरलं. तो तंटा पुढे अनेक वर्षं धुमसत राहिला आणि त्यातूनच परदेशी आणि ख्रिस्ती लोकांविरुद्ध उठलेल्या बॉक्सर चळवळीच्या काही टोळ्या उभ्या राहिल्या. तिएनजिनमध्ये फ्रेंच चर्च उभं राहिलं ते देवळाच्या जागेवर. तिथल्या सिस्टर्स अनाथ मुलं आणून देणाऱ्याला थोडे पैसे देत. मरणाला टेकलेल्या बाळांना बाप्तिस्मा देत, त्यांतली बरीच दगावत. गावात बातमी पसरली की मुलांचे डोळे काढून औषध करतात. १८७० मध्ये जमावाने फ्रेंच सरकारच्या वकिलाला (कॉन्सुलला) आणि त्या सिस्टर्सना मारलं. त्या दयाळू बाया होत्या, त्यांचा काही दोष नव्हता. पण त्यांच्या पाठीमागे बंदूकधारी वकील उभा होता, आणि लोकांनी त्यांना त्याच्यापासून वेगळं बघितलं नाही. १९०० मध्ये बॉक्सरांनी हजारो चिनी ख्रिस्ती मारले. हडसन टेलर यांच्या चायना इनलँड मिशनचे ५८ मिशनरी आणि २१ मुलं मेली. इतरांनी नुकसानभरपाई घेतली तेव्हा टेलर यांनी ती नाकारली. तुमच्या टिपणांत टेलर यांनी चिनी वेष केला, शेंडी ठेवली हे आहे, ते योग्यच. ही नकाराची गोष्टही त्यात घाला. चिनी समाजाने वेषापेक्षा ती जास्त लक्षात ठेवली असेल.

एतद्देशीय नेतृत्वाचंही तसंच. पहिले चिनी बिशप लुओ वेनझाओ यांचा अभिषेक १६८५ मध्ये झाला. त्यानंतरचे चिनी बिशप १९२६ मध्ये, पोप पायस अकरावे यांनी रोममध्ये सहा जणांचा अभिषेक केला तेव्हा. मधली २४१ वर्षं एकही नाही. १९२० च्या दशकात चिनी विद्यार्थी म्हणत, एक ख्रिस्ती वाढला म्हणजे एक चिनी कमी झाला. यात अपमान होता, पण त्याला कारणही होतं.

आता जे घडलं ते तुमच्या प्रकरणाच्या गाभ्यालाच धक्का देणारं आहे. १९४९ मध्ये, कम्युनिस्ट सत्तेवर आले तेव्हा, चीनमध्ये साधारण सात लाख प्रोटेस्टंट होते. त्यानंतर काही वर्षांतच परदेशी मिशनऱ्यांना देश सोडावा लागला. शाळा, दवाखाने, जमिनी गेल्या. वांग मिंगताओंसारखे प्रचारक वर्षानुवर्षं तुरुंगात राहिले. सांस्कृतिक क्रांतीत चर्चं बंद झाली. आणि २०१८ च्या चीन सरकारच्याच श्वेतपत्रिकेत आकडा आहे ३ कोटी ८० लाख प्रोटेस्टंट, ६० लाख कॅथलिक. ज्या संस्कृतीला आपण अडथळा म्हणतो ती तीच होती. घरं तीच, पूर्वज तेच. गेली होती ती फक्त परदेशी माणसं आणि त्यांची अट. प्रार्थना घराच्या ओसरीवर होऊ लागली. ती चालवणाऱ्या बऱ्याचशा त्या गावच्याच बाया होत्या. आजारी शेजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणारी ओळखीची बाई आली तेव्हा कुणाला ती परक्यांची हस्तक वाटली नाही. तैवानमध्ये तर कॅथलिक चर्चमध्येच चिनी नववर्षाला पूर्वजांना उदबत्ती, फुलं, फळं वाहतात. १९७१ मध्ये कार्डिनल यू बिन यांनी हे पुढाकाराने सुरू केलं.

आज मुख्य भूमी चीनमध्ये अडचण आहे ती वेगळी. नोंदणी, परवाने, अठरा वर्षांखालच्या मुलांना चर्चमध्ये मज्जाव, झेजियांगमध्ये २०१४ नंतर उतरवलेले क्रूस, परदेशी माणसाने धर्मप्रसार करण्यावरची बंधनं. हा राज्यसत्तेचा प्रश्न आहे, चिनी आजीच्या देव्हाऱ्याचा नाही. हे दोन एकाच प्रकरणात कोंबू नका. आपल्या तरुणांच्या उत्साहापायी तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याची चौकशी लागली तर आपला तरुण विमानाने परत येईल, तो विद्यार्थी कुठे जाईल?

माझ्या मागण्या अशा आहेत, आणि त्यांवर तुम्ही विचार करावा अशी मनापासून विनंती आहे.

'सांस्कृतिक अडथळे' हे प्रकरण काढून टाका. त्याजागी १५८२ पासून १९३९ पर्यंतचा विधींच्या वादाचा इतिहास शिकवा. कॅथलिक असा की प्रोटेस्टंट, तो दोघांचाही आहे. अफू, तह आणि मुंबई बंदर याबद्दल एक तास द्या. चिनी श्रोत्याच्या मनात तो प्रश्न असतोच आणि आपला मुलगा कोरा चेहरा करून उभा राहिला तर वाईट दिसेल. आईवडिलांच्या मयतीत, छिंगमिंगला, नववर्षाला ख्रिस्ती मुलाने काय करावं आणि काय करू नये, हे भारतातून गेलेल्या प्रचारकाने सांगू नये. तो निर्णय त्या घरातल्या, त्या मंडळीतल्या चिनी ख्रिस्ती वडीलधाऱ्यांवर सोडावा, हे लेखी नियम म्हणून घाला. बाप्तिस्म्याच्या तयारीला आलेल्या तरुणाला घरच्यांपासून लपवायला शिकवू नका, आणि त्याच्या आईला भेटल्याशिवाय त्याचा बाप्तिस्मा ठरवू नका. भाषा किमान दोन वर्षं शिकल्याखेरीज कुणालाही उपदेशाला उभं करू नका. मेग्रोंची गोष्ट त्यासाठीच सांगितली.

आमच्या धर्मग्रामातली मुलं जूनमध्ये तुमच्या पुढच्या वर्गाला येणार आहेत. त्याआधी अभ्यासक्रम बदलणार असाल, तर सिंगापुरात मी जमवलेली कात्रणं, टिपणं आणि तिथल्या चिनी ख्रिस्ती कुटुंबांशी असलेल्या ओळखी तुमच्या हवाली करायला मी तयार आहे. वर्गात येऊन शिकवायलाही येईन, त्याचं मानधन नको. बदलणार नसाल, तर का नाही ते मला आणि त्या मुलांच्या पालकांना लेखी कळवावं.

आपली नम्र,
वसईतली एक निवृत्त नोकरदार